वाऱ्यावर स्वार होण्यापूर्वी



या व्यासपीठावर वेदान्तापासून अर्थसंकल्पापर्यंत अनेक भारदस्त विषय होऊन गेले आहेत. त्या पंगतीत आज आम्ही पतंग घेऊन उभे आहोत, याचे आपणांपैकी काहींना हसू येईल. परंतु ज्या पतंगाविषयी आम्ही बोलणार आहोत तो संक्रांतीचा कागदी पतंग नव्हे. दहा-बारा चौरस मीटर कापडाचा तो पतंग पायांखाली फळी घेतलेल्या माणसाला समुद्रावरून ओढीत नेतो. या खेळाला काइटबोर्डिंग म्हणतात. गोव्यात मोरजीच्या किनाऱ्यावर आणि दक्षिणेस रामेश्वरमच्या बाजूस तो शिकविला जातो. शहरातली नोकरदार मुलेमुली सुट्टी काढून तेथे जातात आणि परत येताना डोक्यात एकच विचार घेऊन येतात: आपले स्वतःचे सामान हवे.

हे सामान कसे निवडावे, हा आजचा विषय. गच्चीवरचा मुलगा पतंगाला धरून असतो. पतंग कटला तर त्याचे थोडे पैसे जातात आणि तो घटकाभर खट्टू होतो. समुद्रावर मात्र पतंगच माणसाला धरून असतो. तो सुटत नाही तेव्हाच संकट ओढवते. म्हणून येथे सामान घेताना ‘हे मला किती वेगाने नेईल?’ यापेक्षा ‘हे मला केव्हा आणि कसे सोडील?’ हा प्रश्न आधी विचारावयास हवा. आम्हाला मुख्यतः एवढेच सांगावयाचे आहे. बाकीचा तपशील त्यातून आपोआप निघतो.

आम्ही स्वतः या खेळातले वस्ताद नव्हे. आमची हयात यंत्रशाळेत गेली. या विषयाशी आमचा संबंध आला तो भाच्यामुळे. एके दिवशी तो मोबाइलवर एक जाहिरात घेऊन आला. कोणाचा तरी जुना संच विक्रीस होता. पतंग, दांडी, दोऱ्या, फळी, सारे काही. “मामा, निम्म्या किमतीत मिळतंय. वीस हजार कमी पडतायत,” तो म्हणाला. आम्ही पैसे देण्याचे कबूल केले, पण एका अटीवर: सामान आधी घरी आणून दाखव, पैसे मग. तो संच घरी येईपर्यंतच्या महिन्यात आम्ही या विषयावर जेवढे मिळाले तेवढे वाचले, जाणत्यांना विचारले, दोनदा किनाऱ्यावर जाऊन बसलो. त्याचे सार आपणांपुढे ठेवतो.

पतंगाकडून ओढून घेण्याची कल्पना जुनी आहे. इंग्लंडात ब्रिस्टलच्या जॉर्ज पोकॉक नावाच्या शिक्षकाने १८२६ साली पतंगांनी ओढल्या जाणाऱ्या गाडीचे पेटंट घेतले होते. समुद्रावर अडचण वेगळी होती. पतंग पाण्यात पडला की भिजून निकामी होई. फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातील ब्रुनो आणि डोमिनिक लेगेन्यू या भावांनी १९८४ साली हवा भरून फुगविता येणाऱ्या पतंगाचे पेटंट घेतले. त्याच्या पुढच्या कडेत सायकलच्या ट्यूबसारखी नळी असते. त्यामुळे तो पाण्यावर तरंगतो आणि पुन्हा उडविता येतो. १९९०च्या दशकाच्या अखेरीस हा खेळ जगभर पसरू लागला आणि २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये, मार्सेयच्या समुद्रावर, त्याच्या शर्यतीही झाल्या.

आता ओढीचा हिशेब पाहू. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. समुद्रावर वारा नॉटमध्ये मोजतात. एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर. २० नॉट वारा, म्हणजे ताशी ३७ किलोमीटर, एका चौरस मीटरवर सुमारे साडेसहा किलो वजनाइतका दाब देतो. १२ चौरस मीटरच्या पतंगावर तो सुमारे ७८ किलो झाला, म्हणजे एका प्रौढ माणसाचे वजन. तोच वारा ३० नॉटवर गेला तर आकडा पावणेदोनशे किलोच्या घरात जातो. त्यातून पतंग नुसता उभा नसतो; वाऱ्याला छेद देत तो सपाट्याने धावू लागला की त्याला लागणारा वारा आणखी वाढतो आणि ओढही वाढते. माणसाच्या मनगटाचा येथे काय पाड लागणार? ‘घट्ट धरून ठेवीन’ हा विचारच येथे धोक्याचा आहे.

या हिशेबावरून पतंगाचा आकार ठरतो. ७५ किलो वजनाच्या नवशिक्याला १५ ते १८ नॉट वाऱ्यात साधारण १२ चौरस मीटरचा पतंग पुरतो. ६० किलोच्या व्यक्तीला ९ ते १० चौरस मीटरचा. दोन आकारांत मन द्विधा झाले तर लहान घ्यावा. लहान पतंगाने फार तर फळीवर उभे राहता येणार नाही. मोठा पतंग मात्र उचलून आपटू शकतो. अंदाजावर विसंबू नये म्हणून हातात धरावयाचे वारा मोजण्याचे छोटे यंत्र घ्यावे. खर्चाच्या मानाने इतकी उपयोगी वस्तू या संचात दुसरी नाही.

आकाराइतकाच घाटही महत्त्वाचा. इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखे खोल वाकलेले पतंग कसबी खेळाडूंसाठी असतात. त्यांची ओढ पटकन कमी करता येत नाही. २००५च्या सुमारास धनुष्यासारखे चपटे पतंग बाजारात आले, आणि दांडी पुढे सोडताच ओढ बरीचशी ओसरण्याची सोय झाली. नवशिक्याने याच घराण्यातला पतंग घ्यावा. तो पाण्यातून सहज उठतो का आणि दांडी सोडली की शांत होतो का, एवढे दोन प्रश्न विक्रेत्याला विचारावेत. उंच उड्यांचे वर्णन तो न विचारताच करील.

पतंगापासून २० ते २४ मीटर लांबीच्या चार दोऱ्या खाली येतात. पुढच्या दोन बहुतेक सारा भार वाहतात, मागच्या दोन दिशा देतात. या साऱ्या हातातल्या दांडीशी येऊन मिळतात. दांडी जवळ ओढली की पतंगाचा जोर वाढतो, पुढे सोडली की कमी होतो. घाबरलेला माणूस नेमके उलटे करतो. हातात आलेली वस्तू छातीशी कवटाळतो, आणि पतंग दुप्पट जोराने ओढतो. म्हणून पहिला धडा हा की भीती वाटली तर हात सोडावा. या दोऱ्या सुतळीएवढ्याही जाड नसतात. नायलॉनच्या मांजाने गळे कापल्याच्या बातम्या आपण दर संक्रांतीला वाचतो. त्या मांजावर एका कागदी पतंगाची ओढ असते, या दोरीवर माणसाच्या वजनाची. ती हाताला गुंडाळणे तर सोडाच, ताणलेली असताना मुठीतही धरू नये.

पतंगाची ओढ हातांनी पेलावयाची नसते. दांडीच्या मधून एक कडे खाली येते, ते कंबरेच्या पट्ट्यावरील हुकात अडकते. या कड्याला चिकन लूप असे गमतीदार नाव आहे. त्याच्याच वर सुटकेची कळ असते. इंग्रजीत तिला क्विक रिलीज म्हणतात. ती पुढे ढकलली की कडे उघडते, दांडी सरकत दूर जाते आणि पतंग एकाच दोरीवर राहतो. एका दोरीवर त्याला वारा धरता येत नाही. तो फडफडत पाण्यावर पडतो. ती एक दोरी सुरक्षेच्या आखूड दोराने, म्हणजे लीशने, आपल्या पट्ट्याला जोडलेली असते, त्यामुळे पतंग वाहून जात नाही. एवढे करूनही तो ओढीतच राहिला तर लीशलाही स्वतंत्र कळ असते. ती उघडली की पतंगाशी संबंध संपला. नवशिक्याने लीश पुढच्या बाजूसच अडकवावी. पाठीमागे अडकविलेली कळ बुडत्या माणसाला सापडत नाही.

सुटकेच्या या यंत्रणेसाठी २०२० साली आंतरराष्ट्रीय मानकही निघाले. त्याचा क्रमांक आयएसओ २१८५३. नवी दांडी घेताना ती या मानकाप्रमाणे आहे का, हे विचारण्यात संकोच करू नये.

आता भाच्याच्या संचाची गोष्ट सांगतो. सामान घरी आले. पतंगाचे रंग सुरेख होते, फळीही चकचकीत होती. आम्ही कळ हातात घेतली. वाळूचे कण आत कुरकुरत होते. मग एक साधा प्रयोग केला. दांडीच्या पुढचा पट्टा ओसरीच्या खांबाला पक्का बांधला, मागचे कडे भाच्याच्या कंबरेच्या हुकात अडकविले, त्याच्या मागे गादी टाकली आणि सांगितले, “सगळा भार मागे टाक आणि एका हाताने सोडव.” तो मागे रेलला. कळ हलेना. दुसऱ्या खेपेस त्याने दोन्ही हात लावले, तरीही नाही. तिसऱ्या खेपेस हिसका देताच ती उघडली आणि स्वारी गादीवर बसली. थोडा वेळ कोणीच बोलले नाही. मग तो म्हणाला, “मामा, पाण्यात असतो तर?” आम्ही उत्तर दिले नाही. संच विक्रेत्याकडे परत गेला. त्यात लबाडीच होती असे आम्ही म्हणत नाही. मीठ आणि वाळू आपले काम करतात आणि मालकाच्या ते लक्षात येत नाही. पण हा प्रयोग प्रत्येकाने करावा. कळ भार नसताना उघडते यात काही विशेष नाही. पूर्ण भाराखाली, एका हाताने, आणि दोन्ही हातांनी आळीपाळीने उघडली पाहिजे. खेळून आल्यावर ती दर वेळी गोड्या पाण्याने धुवावी.

अंगावरच्या सामानाकडे वळू. कंबरेचा पट्टा, म्हणजे हार्नेस, दोन प्रकारचा असतो. एक नुसता कंबरेला बांधावयाचा. दुसऱ्याचे पट्टे मांड्यांमधूनही जातात. शिकताना पतंग बराच वेळ डोक्यावर असतो आणि पट्टा वर ओढला जातो. नुसता कंबरेचा पट्टा सैल असेल तर तो बरगड्यांवर चढतो, श्वास कोंडतो, आणि मुख्य म्हणजे कळ हाताला नेहमीच्या जागी लागत नाही. म्हणून सुरुवातीला मांड्यांचे पट्टे असलेला बरा. तो अंगावर चढवून, टांगून घेऊन पाहावा. चित्र पाहून मागवू नये.

हेल्मेट पाण्यातल्या खेळांचेच हवे. मोटारसायकलचे हेल्मेट बादलीसारखे पाणी धरते आणि मानेला हिसका देते. युरोपीय ईएन १३८५ हे मानक पाण्यातल्या अशाच हेल्मेटांचे आहे. एकदा जोराचा आघात झालेले हेल्मेट, वरून कितीही धड दिसले तरी, टाकून द्यावे. याच कारणाने ते जुने विकत घेऊ नये.

अंगातल्या जाकिटाविषयी मोठा गैरसमज आहे. इम्पॅक्ट व्हेस्ट म्हणून जे मिळते ते बरगड्यांना मार लागू नये म्हणून असते. थोडे तरंगविते, पण तरंगविण्याची हमी बहुधा देत नाही. किनाऱ्यापासून दूर दमलेल्या माणसाला हमीच हवी असते. त्यासाठी ५० न्यूटन उत्प्लावनाचे, आयएसओ १२४०२-५ या मानकाचे जाकीट पाहावे, आणि ते घातल्यावर हार्नेसचा हुक व कळ झाकली जात नाही ना, याची खात्री करावी. हेही शुद्धीवर असलेल्या आणि पोहता येणाऱ्या माणसासाठीच असते. ज्याला पोहता येत नाही त्याने आधी पोहावयास शिकावे. त्याला दुसरा उपाय नाही.

आणखी एक लहानशी वस्तू: दोरी कापण्याचा सुरा. तो आकड्यासारखा असतो. धार आतल्या बाजूस, टोक बोथट. दोरी पायाला गुरफटली तर तोच कामी येतो. हार्नेसच्या खिशात तो बसतो आणि तेथेच विसरला जाऊन गंजतो. महिन्यातून एकदा काढून पाहावा. एक शिट्टी असावी. आपल्या कोकणी खडकांवर कालवे असतात, त्यांनी तळवे चिरतात. म्हणून पायात पातळ रबरी बूट असावेत.

फळी आम्ही मुद्दाम शेवटी घेतली. नवशिक्याचे लक्ष प्रथम तिच्याकडेच जाते. ७५ किलोच्या माणसाला सुमारे १४० सेंटिमीटर लांब आणि ४२ सेंटिमीटर रुंद फळी ठीक. मोठी फळी कमी वाऱ्यातही तरते, आणि शिकताना वेगापेक्षा तरणे महत्त्वाचे. परंतु ती दोराने अंगाला बांधू नये. आपण पडलो की फळी पाण्यात अडकते, पतंग आपल्याला पुढे नेतो, दोर रबरासारखा ताणतो आणि मग फळी बाणासारखी डोक्यावर येते. फळी सुटली तर पतंगाच्या ओढीने, अंग पाण्यात तिरपे धरून, तिच्याकडे परत जाण्याची युक्ती शिकवितात. ती येईपर्यंत फळीवर उभे राहण्याची घाई करू नये.

एवढे सामान उत्तम असले तरी वारा आणि जागा यांची निवड चुकली तर सारे व्यर्थ. शाळेत आपण खारे वारे आणि मतलई वारे शिकलो, परीक्षेनंतर विसरलो. येथे ते पुन्हा उपयोगी पडतात. साधारण फेब्रुवारीपासून मेपर्यंत कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर दुपारी समुद्राकडून, बहुधा वायव्येकडून, खारा वारा सुटतो. तो किनाऱ्याला तिरपा लागतो, आणि चूक झालीच तर माणसाला जमिनीकडे आणतो. शिकण्यास हाच योग्य. पहाटेचा मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे जातो. त्यावर निघालेला नवशिक्या परत येत नाही. त्याला आणावे लागते. अगदी सरळ किनाऱ्यावर येणारा वाराही बरा नाही, कारण तो माणसाला वाळूवर, दगडांवर किंवा झाडांवर नेऊन आदळतो. म्हणून वाऱ्याच्या दिशेने निदान पन्नास मीटर जागा मोकळी असावी: माणसे नकोत, होड्या नकोत, कोळ्यांची जाळी नकोत. मोरजीला तर कासवांच्या अंड्यांसाठी राखलेली जागाही असते. तिचा मान ठेवावा.

एप्रिल-मे महिन्यांत आणखी एक शत्रू असतो, तो म्हणजे वळीव. क्षितिजावर काळा ढग चढला, वारा एकाएकी पडला किंवा गार झाला, तर त्याच क्षणी पतंग उतरवावा. वळवाचा झोत मिनिटभरात वारा दुप्पट करतो, आणि दुपटीचे चौपट कसे होतात ते मघाशी पाहिले. पावसाळ्यात तर समुद्राकडे फिरकूच नये.

खर्चाचे काय? नवा संपूर्ण संच लाखाच्या वर जातो, म्हणून जुन्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. जुने घेऊच नये असे आम्ही म्हणत नाही. जुनी फळी बेलाशक घ्यावी. जुना पतंग फुगवून चार-सहा तास तसाच ठेवावा. हवा उतरली तर नळी किंवा झडप गेली आहे. कापड कागदासारखे कडकडीत कुरकुरत असावे. उन्हाने मऊ पडलेले घेऊ नये. चारही दोऱ्या एका खिळ्याला अडकवून ताणाव्यात. लांबी सारखी नसेल तर पतंग वाकडा उडतो. दांडी आणि कळ मात्र शक्यतो नवी घ्यावी.

पैशाचा क्रम आमच्या मते असा असावा. सर्वांत आधी शिक्षण. आयकेओ या आंतरराष्ट्रीय संस्थेचे प्रमाणपत्र असलेले शिक्षक आपल्याकडेही आहेत. त्यांच्याकडे सामान मिळते, त्यामुळे पहिल्या दिवसांत स्वतःचे काहीच लागत नाही. त्यानंतर हेल्मेट, जाकीट आणि हार्नेस, कारण ते आपल्या अंगाच्या मापाचे हवेत. मग दांडी, मग पतंग, आणि सर्वांत शेवटी फळी. घरातल्या मुलाने किंवा मुलीने पैसे मागितले तर लगेच ‘नाही’ म्हणू नका आणि लगेच देऊही नका. ‘कळ दाखव, उघडून दाखव’ एवढे म्हणा.

आमच्या भाच्याने तसेच केले. मोरजीला शिक्षकाने पहिला सबंध तास त्याला कोरड्या वाळूवर, पतंगाशिवाय, कळ उघडावयास लावली. उजव्या हाताने, डाव्या हाताने, डोळे मिटून. भाचा कंटाळला होता, हे आम्हाला लांबून दिसत होते. तिसऱ्या दिवशी दुपारी वारा एकदम वाढला. पतंग डोक्यावरून सुटून बरोबर समोर, जेथे ओढ सर्वांत जास्त असते तेथे, खाली आला. भाचा गुडघाभर पाण्यातून खेचला जाऊ लागला. पुढे एक होडी नांगरलेली होती. आम्ही वाळूवर उठून उभे राहिलो. दुसरे काय करणार? पण तेवढ्यात दांडी त्याच्या हातून दूर गेली आणि पतंग ओल्या धोतरासारखा पाण्यावर पडला. पतंग होडीच्या कडेला घासून फाटला. त्याला चार टाके घालावे लागले. भाच्याला एकही नाही. बाहेर आल्यावर तो म्हणाला, “मामा, मी काही ठरवलं नव्हतं. हात आपोआप गेला.”

हात आपोआप जावा, आणि तो गेल्यावर कळ उघडावी, एवढ्यासाठी हा सारा खटाटोप. पुढच्या वर्षी भाच्याने स्वतःचा संच घेतला. नवी दांडी प्रथम आली ती आमच्या ओसरीवर. खांब तोच होता, गादीही तीच. या खेपेस मात्र तो पहिल्याच झटक्यात गादीवर बसला, आणि आम्ही कबूल केलेले वीस हजार रुपये त्याला दिले.